पंप घेऊन यायचं की बंद करून? फुफ्फुसांच्या तपासणीच्या तयारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४७ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या पीएफटीच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या तपासणीच्या, खोलीत सगळे त्यांना मावशी म्हणू लागले, म्हणून इथेही मावशीच म्हणतो.

गिरणीत वर्षभर ज्वारी-गव्हाचं दळण आणि फेब्रुवारी ते मे मिरची-मसाल्याचं कांडप. पहाटे तीन-चारला खोकल्याची उबळ, छाती भरून येणं, उठून बसल्यावर थोडं बरं वाटणं, असं पाच-सहा वर्षं चाललेलं. गावातले डॉक्टर इंजेक्शन द्यायचे आणि थिओफिलिनच्या गोळ्या लिहून द्यायचे. तेवढ्यावर महिना-दोन महिने निघायचे. थंडीत त्रास वाढला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करून ब्युडेसोनाइड (स्टिरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं) अशी दोन औषधं एकत्र असलेला पंप, म्हणजे इनहेलर, सुरू केला, सकाळ-संध्याकाळ. सोबत चिठ्ठीवर लिहिलं, ‘स्पायरोमेट्री करून घ्या.’

फेब्रुवारीत ही तपासणी, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांतली हवा मोजणं, एका खासगी केंद्रात झाली. जाताना तयारी काय करायची हे मावशींना कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी सातला रोजच्यासारखा पंप घेतला, साडेनऊला नळीत फुंकलं. अहवालात एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, १.७४ लिटर. एफव्हीसी, म्हणजे एका दमात बाहेर काढलेली एकूण हवा, २.०९ लिटर. दोन्हींचं गुणोत्तर ०.८३. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा मोजल्यावर एफईव्ही-१ फक्त ५० मिलिलिटरने वाढला. खाली शेरा: सर्वसामान्य, औषधाने लक्षणीय बदल नाही.

घरी मुलाने अहवाल वाचला आणि निकाल लावला, आईला दमा नाहीच. मावशींना तर पंप नकोच होता. “पंपाची सवय लागती म्हणत्यात,” हे त्यांनी आम्हालाही नंतर दोनतीनदा ऐकवलं. पंप कपाटात गेला.

मार्च संपता संपता, कांडपाच्या ऐन हंगामात, एका रात्री बोलता येईना इतका दम लागला. ग्रामीण रुग्णालयात नेब्युलायझर, ऑक्सिजन आणि पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या. त्यानंतर आठवड्याभराने त्या आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या, हातात तो फेब्रुवारीचा अहवाल घेऊन.

अडचण नेमकी कुठे होती

अहवालातले आकडे खोटे नव्हते. त्या सकाळी मावशींची फुफ्फुसं तेवढीच हवा काढत होती. पण फॉर्मोटेरॉलचा परिणाम बारा तासांहून जास्त टिकतो. अडीच तासांपूर्वी तो घेतलेला असताना श्वासनलिका आधीच मोकळ्या झालेल्या होत्या. वर आणखी औषध दिल्यावर वाढायचं काय? ‘औषधाने बदल नाही’ या ओळीचा अर्थ तेवढाच. आणि पंप किती वाजता घेतला याची नोंद अहवालावर कुठेच नव्हती.

दुसरी गोष्ट आलेख पाहिल्यावर कळली, आणि माझ्या मते ती पहिलीइतकीच महत्त्वाची. फुंकर दोन सेकंदांच्या थोडी पुढे जाऊन थांबलेली होती. या तपासणीत हवा संपेपर्यंत, म्हणजे आलेखाची रेघ सपाट होईपर्यंत किंवा फार तर १५ सेकंद फुंकत राहावं लागतं. श्वासनलिका अरुंद असलेल्या माणसाची हवा हळू निघते, तिला जास्त सेकंद लागतात. मध्येच थांबलं की एफव्हीसी खोटी कमी येते, ती गुणोत्तरात खाली, छेदात असते, म्हणून गुणोत्तर वर चढतं आणि अडथळा दिसत नाही. मावशींचं ०.८३ असं चढलेलं असण्याची दाट शक्यता होती. बायाबापड्यांना जोरात फुंका म्हटलं की त्या चुलीतल्या फुंकणीसारखं गाल फुगवून छोटे छोटे झोत मारतात. इथे हवं असतं ते छातीच्या तळापासून एकच लांब रिकामं होणं. हे दाखवून, दोनदा कोरडा सराव करून घेतल्याशिवाय जमत नाही.

थोडक्यात, औषध अंगात असताना आणि फुंकर अर्धवट असताना काढलेल्या आकड्यांवरून घराने उपचार बंद केले होते.

पहिला निर्णय: लगेच तपासायचं की थांबायचं

मावशी समोर बसल्या होत्या, यंत्र बाजूच्या खोलीत होतं. लगेच तपासणी करण्याचा मोह होताच. त्रास चालू असताना, उपचार सुरू होण्याआधी तपासलं तर दमा सर्वात ठळक दिसतो हे खरं. पण ती वेळ ग्रामीण रुग्णालयात निघून गेली होती. नुकताच प्रेडनिसोलोनचा कोर्स संपलेला, छातीत घरघर नाही, आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना. आपल्याकडे असा खोकला असला की आधी क्षयरोग नाही ना हे पाहावंच लागतं. त्यामागे उपचाराचं कारण तर आहेच, शिवाय या तपासणीत रुग्ण बंद खोलीत पूर्ण ताकदीने हवा बाहेर फेकतो. पुढच्या रुग्णाचा आणि तंत्रज्ञाचाही प्रश्न असतो. थुंकी सीबीनॅटला, म्हणजे क्षयरोगाच्या जंतूंच्या तपासणीला, गेली, छातीचा एक्स-रे झाला. दोन्ही ठीक आले.

दुसरा पर्याय असा होता की पंप सुरूच करायचा नाही, महिनाभर ‘कोरं’ ठेवून मग तपासायचं. निदानाच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ. पण आठवड्यापूर्वी ऑक्सिजन लागलेल्या बाईला केवळ आलेख सुरेख यावा म्हणून औषधाविना ठेवणं डॉक्टरांना मान्य नव्हतं. मलाही ते पटलं नसतं.

ठरलं ते असं: पंप आजच पुन्हा सुरू. सोबत घरी नेण्यासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जास्तीत जास्त वेग (मिनिटाला किती लिटर) मोजणारी, काही शे रुपयांत मिळणारी प्लॅस्टिकची नळी. रोज सकाळी आणि संध्याकाळी तीनदा फुंकून सर्वात मोठा आकडा वहीत लिहायचा, शेजारी ‘गिरणीत’ किंवा ‘घरी’ अशी नोंद. आणि महिन्याभराने, मेच्या पहिल्या आठवड्यात, पूर्ण तयारीनिशी स्पायरोमेट्री.

तयारी

‘औषधं बंद करून या’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं आणि माझ्या मते ते धोक्याचं आहे. कोणतं औषध, किती तास, हे सांगितलं नाही तर कोणी सकाळचा एक डोस चुकवतं, कोणी आठवडाभर सगळंच सोडतं, आणि कोणी रक्तदाबाची गोळीही घेत नाही.

प्रत्येक औषधाचे तास वेगळे असतात. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, चार ते सहा तास आधीपर्यंत चालतो. फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेला पंप २४ तास आधी थांबवायचा. दिवसातून एकदाच घ्यायचे विलांटेरॉल, इंडाकॅटेरॉलसारखे ३६ तास आणि टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास. नुसत्या स्टिरॉइडचा पंप थांबवायची गरज नाही. हे सगळं लागू होतं ते निदानासाठी तपासणी असेल तेव्हा. चालू उपचाराचा उपयोग किती होतोय हे पाहायचं असेल तर काहीही थांबवायचं नाही, रोजचा डोस घेऊनच यायचं. म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘कशासाठी’ हे लिहिणं गरजेचं. ती एक ओळ नसेल तर तंत्रज्ञ अंदाजाने सांगतो आणि रुग्ण अंदाजाने ऐकतो.

मावशींच्या बाबतीत एक पेच होता. त्यांचा पंप दोन औषधांचा, त्यामुळे फॉर्मोटेरॉल थांबवलं की त्यातलं स्टिरॉइडही त्या दिवसापुरतं थांबणार. मधले काही दिवस नुसत्या ब्युडेसोनाइडचा वेगळा पंप द्यावा का, अशी चर्चा झाली. तो दिला असता तर घरात तीन पंप झाले असते. पंपांवरची नावं वाचता येणारा मुलगा पुण्याला कामाला. कोणता कधी याचा गोंधळ होण्यापेक्षा एका दिवसाचा खंड बरा, असं ठरलं.

सूचना नवऱ्याला आणि मावशींना एकत्र बसवून दिल्या आणि कागदावरही. तपासणी बुधवारी सकाळी साडेदहाला, म्हणून मोठा, दोन औषधांचा पंप मंगळवारी सकाळी सातला शेवटचा. मंगळवारी संध्याकाळचा आणि बुधवारी सकाळचा डोस गाळायचा. निळा पंप पिशवीत कायम ठेवायचा. रात्री दम लागला तर तो घ्यायचा, अजिबात कळ काढायची नाही. घेतला तर आल्या आल्या सांगायचं, तारीख पुढे करता येते. दम लागूनही तपासणीसाठी सहन केलं, असं सांगणारे रुग्ण आम्ही पाहिलेत, म्हणून हे वाक्य दोनदा सांगितलं आणि मावशींकडून परत म्हणवून घेतलं.

बाकी किरकोळ. दोन तास आधी भरपेट जेवण नको. तासभर आधी विडी-सिगारेटचा धूर नको, धावपळ नको. एसटी स्टँडवरून चढ चढत येण्याऐवजी रिक्षा करा, हे त्यातलंच. साडी कमरेला सैल. घट्ट बसणारी कवळी असेल तर काढायची नाही, ओठ नळीभोवती नीट बसतात. मावशींनी मिसरीचं विचारलं. तिचा धूर फुफ्फुसात जात नाही, पण चूळ भरून या म्हणालो. मिसरीबद्दलचं बाकीचं बोलणं डॉक्टरांवर सोपवलं. चहाचं मात्र सगळेच विचारतात. कॅफिनने श्वासनलिका किंचित मोकळ्या होतात, म्हणून सकाळी टाळलेला बरा, पण अर्धा कप घेतल्याने कोणाची तपासणी रद्द होत नाही.

डोळ्याचं, पोटाचं, छातीचं ऑपरेशन अलीकडे झालंय का, हृदयविकाराचा झटका, थुंकीतून रक्त, हे प्रश्न आधीच विचारले. जोराने फुंकताना छातीत, पोटात आणि डोळ्यात दाब वाढतो, म्हणून. सगळ्याला नाही.

तपासणीच्या दिवशी

बुधवारी मावशी वेळेवर आल्या. पंप मंगळवारी सकाळी सातनंतर घेतलेला नाही, निळाही नाही. रात्री दोनदा खोकला आला, पण “इतका न्हाई.”

यंत्रासमोर बसवण्याआधी आमची तंत्रज्ञ एक प्रश्न नेहमी विचारते: “मावशी, सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सगळं सांगा. पाणीसुद्धा.” मावशींनी बोटं मोजली. पाणी. मिसरी. अर्धा कप चहा. खोकल्याचं औषध दोन झाकणं.

खोकल्याचं औषध कोणतं? “ते लाल. मेडिकलातनं आणलेलं.” नाव आठवेना. नवऱ्याने घरी शेजारच्या पोराला फोन केला, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बाटलीचा फोटो पाठवला. लेबलवरची बारीक अक्षरं मोठी करून वाचली: टरब्युटालिन, ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन.

टरब्युटालिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारंच औषध, साल्ब्युटामॉलच्या कुळातलं. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या सिरपांत ते किंवा साल्ब्युटामॉल असतं. मावशींच्या लेखी ते ‘दम्याचं औषध’ नव्हतंच, त्यामुळे आमच्या कागदावरचं सगळं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. डोस पहाटे साडेपाचला घेतलेला.

दुसरा निर्णय: परत पाठवायचं का

तीन वाटा होत्या. तारीख पुढे ढकलायची: मावशींचा आणि नवऱ्याचा एक दिवस बुडालेला, गिरणी बंद, येण्याजाण्याचा खर्च, आणि दुसऱ्यांदा पंप थांबवण्याची जोखीम. किंवा लगेच करून टाकायची आणि शेरा लिहायचा. किंवा थांबायचं. पोटातून घेतलेल्या टरब्युटालिनचा परिणाम साधारण चार ते आठ तास राहतो.

इथे एक तर्क उपयोगी पडला. औषध अंगात असताना तपासलं तर खरा दमा झाकला जाऊ शकतो, पण नसलेला दमा दिसू शकत नाही. म्हणजे अशा तपासणीत अडथळा दिसला तर तो विश्वासाचा. काही दिसलं नाही, तर मात्र त्यावरून काहीच म्हणायचं नाही. एवढी समज अहवाल वाचणाऱ्याला असेल तर दिवस वाया जात नाही.

दीड वाजेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणजे आठ तास पूर्ण. मधल्या वेळात दोन केळी आणि फुंकण्याचा सराव. तंत्रज्ञ स्वतः नळी तोंडात धरून दाखवत होती: श्वास पूर्ण आत, आणखी आत, ओठ घट्ट, आता सोडा, सोडा, सोडा, अजून आहे, अजून आहे. मावशी पहिल्या दोन वेळा हसल्याच.

नाकाला चिमटा लावून पाच प्रयत्न झाले. नियम असा की तीन तरी चांगले हवेत आणि त्यातल्या सर्वात मोठ्या दोहोंत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. साधारण आठ प्रयत्नांच्या पुढे कोणाला दमवायचं नाही. तिसऱ्या प्रयत्नाला रेघ प्रथमच सपाट झाली, नवव्या सेकंदाला. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) साल्ब्युटामॉलचे चार पफ, एकूण ४०० मायक्रोग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा.

आधीचा एफईव्ही-१ १.५८ लिटर, अपेक्षित २.१० च्या ७५ टक्के. एफव्हीसी २.३९. गुणोत्तर ०.६६. अडथळा स्पष्ट होता, फेब्रुवारीत लपलेला. औषधानंतर एफईव्ही-१ १.७५, म्हणजे १७० मिलिलिटर वाढ, सुमारे ११ टक्के.

आणि इथे गाडी अडली. वाढ ‘लक्षणीय’ म्हणायला जुन्या निकषाने १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही हवेत. २०२२ च्या नव्या निकषाने अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ हवी, इथे ती ८ टक्के. दोन्हींत थोडक्यात कमी. सिरप घेतलं नसतं तर आकडा पुढे गेला असता का? असेलही. महिनाभराच्या स्टिरॉइडनेही फरक कमी केला असणार. अहवालावर पंप, सिरप आणि त्यांच्या वेळा ठळक लिहिल्या. ‘औषधाने लक्षणीय बदल नाही’ एवढंच लिहून सही करणं आकड्यांच्या दृष्टीने बरोबर ठरलं असतं, आणि फेब्रुवारीचीच गोष्ट पुन्हा घडली असती.

मेथाकोलिनची तपासणी, जिच्यात श्वासनलिका मुद्दाम थोड्या आकुंचित करून पाहतात, सुचवली गेली. मोठ्या शहरात जावं लागलं असतं. शिवाय अडथळा आधीच दिसलेला असताना तिची गरज नव्हती.

वहीने काय सांगितलं

निर्णय लागला तो पीक फ्लोच्या वहीवरून. गिरणीत असलेल्या दिवशी सकाळी २९० च्या आसपास, संध्याकाळी २३०. मधले दहा दिवस मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी कराडला होत्या, तिथे सकाळ-संध्याकाळ ३४० ते ३५०. प्रौढांत दिवसातला फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल तर तो दम्याकडे बोट दाखवतो. गिरणीच्या दिवसांत तो २३ टक्के होता, तोही पंप चालू असताना. वहीतले आकडे मावशींच्या नवऱ्याने लिहिलेले, काही पानांवर पिठाचे ठसे.

दमा आहे, आणि तो पिठाच्या धुळीने वाढतो. गव्हाच्या पिठाची ॲलर्जी होऊन येणारा दमा बेकरीत आणि गिरणीत काम करणाऱ्यांमध्ये ओळखीचा आहे. इथे तो मुळात कामामुळे झाला की आधीचाच कामाने बळावला, हे दिवसातून दोनदा घेतलेल्या नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी दिवसातून चारदा नोंद लागते, आणि सुरुवातीलाच ती मागायला हवी होती.

परिणाम

पंप नियमित सुरू राहिला. तो घेण्याची पद्धत दोनदा तपासली आणि दर वेळी चूळ भरायला शिकवलं. दळणाच्या तोंडाशी आता नवरा उभा राहतो, मावशी गल्ला आणि वजन पाहतात. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं सुरू. कांडपाचं यंत्र मागच्या पडवीत हलवलं. गिरणी सोडा असा सल्ला देणं सोपं होतं, पण घर त्यावर चालतं, म्हणून तो दिला नाही.

ऑगस्टमध्ये तिसरी तपासणी झाली. या वेळी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी, पंप घेऊन यावे.’ मावशींनी फोन करून दोनदा खात्री केली, कारण मागच्या वेळी उलटं सांगितलं होतं. एफईव्ही-१ १.९८, गुणोत्तर ०.७९. मेपेक्षा ४०० मिलिलिटर जास्त, सुमारे २५ टक्के. उपचाराने झालेली एवढी वाढ हाही निदानाचा एक मान्य पुरावा आहे, त्यामुळे मेमध्ये राहिलेली शंका तिथे मिटली. पहाटेचा खोकला महिन्यातून एखाद्या वेळी.

काय वेगळं करता आलं असतं

फेब्रुवारीत तालुक्याच्या डॉक्टरांनी पंप सुरू करण्याआधी तपासणी करून घेतली असती तर बाकीचा खटाटोप टळला असता. पण जवळ यंत्र नसताना आणि रुग्ण धापा टाकत असताना त्यांनी उपचार आधी केला, यात त्यांना दोष देता येणार नाही. दोष असलाच तर नोंदीचा. शेवटचं औषध कोणतं आणि किती वाजता, ही एक ओळ त्या अहवालावर असती तर निदान कोणीतरी थांबून विचार केला असता.

आमच्या सूचनांच्या कागदावर आता पंपांच्या खाली वेगळी ओळ आहे: ‘खोकल्याचं कोणतंही सिरप, गोळी किंवा पुडी चालू असेल तर बाटली किंवा पाकीट तारीख ठरवायला येतानाच आणा.’ तपासणीच्या दिवशी आणून उपयोग नाही. कागदावर पंपांची नावं कमी आणि रंगीत चित्रं जास्त आहेत, कारण रुग्ण त्यांना रंगानेच ओळखतात. अर्थात वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग जुळत नाहीत, त्यामुळे चित्रावर विसंबूनही चालत नाही. पंप हातात घेऊनच बोलावं लागतं.

एक काम राहिलं आहे. दळणाच्या तोंडाशी आता मावशींचे यजमान उभे असतात, आणि त्यांनाही सकाळी खोकला येतो. तपासणी करून घ्या म्हटलं तर म्हणाले, “दिवाळीची भाजणी होऊ द्या, मग बघू.” तोवर त्यांच्या हातातही पीक फ्लो मीटर दिलं आहे, या वेळी दिवसातून चार नोंदींसाठी.